गाडी आपली, तर तिच्या बिघाडाची माहितीही आपल्याला मिळालीच पाहिजे

नव्या गाड्यांमध्ये नको तेवढे इलेक्ट्रॉनिक्स भरले आहे, जुन्या गाड्याच बऱ्या होत्या, असे रोज गाडी चालवणारे माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात. मला हे मत मान्य नाही. एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै 2019 पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधी स्वस्त गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी सहसा नसत. भर पावसात कसारा घाट उतरताना जोरात ब्रेक दाबावा लागला आणि चाके जाम होऊन गाडी स्टिअरिंगला न जुमानता घसरत गेली, असा अनुभव ज्याने घेतला आहे, तो एबीएस नको असे म्हणणार नाही. माझी तक्रार तंत्रज्ञानाविरुद्ध नाही. ते बिघडल्यावर नेमके काय बिघडले हे कळण्याची वाट मालकासाठी आणि त्याच्या भरवशाच्या मेकॅनिकसाठी बंद होत चालली आहे, ही माझी तक्रार आहे.

डिझेल गाड्यांचेच उदाहरण घ्या. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या प्रदूषणावर मर्यादा घालणारे बीएस-6 नियम लागू झाले आणि डिझेल कारच्या धुराड्याच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात. हा फिल्टर भरत आला की इंजिनचा संगणक जादा डिझेल सोडून एक्झॉस्टचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत नेतो आणि साचलेली काजळी जाळून टाकतो; मात्र त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट तुटते, फिल्टर तुंबत जातो, आणि न जळलेले थोडे डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरून ते पातळ होते. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, ते याच बिघाडाचे लक्षण असू शकते. शिवाय या इंजिनांना कमी राख सोडणारे ठरावीक दर्जाचे ऑईलच लागते. दुकानात मिळेल ते ऑईल ओतले की फिल्टरचे आयुष्य कमी होते.

आमच्या नाशिकमधल्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी अशीच डिझेल एसयूव्ही घेतली. नातवाची शाळा, भाजी बाजार आणि देवळापलीकडे ती फारशी जात नव्हती. डॅशबोर्डवर दिवा लागला तेव्हा गाडी धूर सोडत नव्हती, आवाजही करत नव्हती, म्हणून सेन्सर बिघडला असेल असे त्यांना वाटले, आणि काही दिवसांनी गाडीची ताकदच कमी झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून सक्तीने काजळी जाळली गेली, ऑईल बदलले आणि भलेमोठे बिल हातात आले. त्या बिलावर ‘स्कॅनिंग’ एवढाच शब्द आणि त्यापुढे रक्कम होती. गाडी अधूनमधून अर्धा तास मुंबई-आग्रा महामार्गावर सलग चालवा, हे एक वाक्य विक्रीच्या वेळी कोणी सांगितले असते तर हा खर्च बहुधा टळला असता. तुमचा वापर गावातल्या गावातच आहे, तेव्हा पेट्रोल घ्या, असे सांगितले असते तर त्याहून बरे झाले असते.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकाला बाहेरचे उपकरण जोडण्याच्या जागी, बाजारात मिळणारा साधा स्कॅनर लावून इंजिनच्या बिघाडाचे बरेचसे कोड वाचता येतात, हे खरे आहे. परंतु एबीएस, एअरबॅग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांचे तपशील बहुतेकदा कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत. अनेक डिझेल इंजिनांत नवा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बसवला तरी त्याचा क्रमांक संगणकात भरावा लागतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची पुढची काच बदलली, तर त्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, करून घ्यावे लागते. ज्या मेकॅनिकचा हात आणि कान तीस वर्षे इंजिनावर तयार झाले आहेत, तो ही कामे शिकू शकत नाही असे मुळीच नाही. त्याला माहिती आणि साधने वाजवी दरात मिळत नाहीत. रक्ततपासणीचा अहवाल रुग्णाच्या हातात देतात, तो घेऊन रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. गाडीच्या बाबतीत तो अहवाल फक्त एकाच दवाखान्यात वाचता येतो.

ही तक्रार नवी नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना खुली करावीत, तसेच केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेले, आणि इतक्या वर्षांनंतरही बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल ही भीती ग्राहकाच्या मनात तशीच आहे. युरोपात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणे 2007 च्या नियमानेच कंपन्यांवर बंधनकारक झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्र आहे, ही चांगली सुरुवात आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

अप्रशिक्षित माणसाने एअरबॅगला किंवा शेकडो व्होल्टच्या ईव्ही बॅटरीला हात लावणे धोक्याचे आहे, असे कंपन्या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय म्हणजे आयटीआयमध्ये आणि गॅरेजवाल्यांसाठी प्रशिक्षण व परवाना. माहिती दडवून धोका कमी होत नाही, उलट अंदाजाने काम करणारे हात वाढतात.

तोवर आपण एक करू शकतो. गाडी सर्व्हिस सेंटरला दिली की स्कॅनिंगमध्ये सापडलेले कोड, त्यांचा अर्थ, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि ऑईलचा नेमका दर्जा बिलावर लिहून मागावा, आणि काढलेला जुना भाग दाखवायला सांगावा. पैसे आपण देतो, त्यामुळे हे मागताना संकोच करण्याचे कारण नाही. दिले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.