इंग्रजी शांततेत नांदताना

लंडनच्या वायव्येला, पिनर किंवा राइस्लिपच्या बाजूस, आपण अखेर घर घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कर्ज पंचवीस-तीस वर्षांचे आहे, त्यामुळे येथील रीतभात शिकायला आपल्यापाशी पुरेसा वेळ आहे. घर दाखवणाऱ्या एजंटाने 'अतिशय शांत वस्ती' असे म्हटले, तेव्हा आपल्याला ते वस्तीचे वर्णन वाटले असेल. ती अट होती. घराच्या किल्ल्या हाती आल्या, याचा अर्थ आता आपण येथे नांदायला आला आहात. नव्या सुनेने पहिले वर्षभर कोठे पाहावे, किती बोलावे आणि भांड्यांचा आवाज किती करावा, हे सांगणारी एखादी आजी सोबत आणली असती तर बरे झाले असते. ते राहून गेले असल्यास पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

मुळात ही शांतता निसर्गाने दिलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. ती विकली गेली आहे. मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या मार्गालगतच्या मुलुखाला १९१५ मध्ये 'मेट्रोलँड' असे नाव दिले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तेथील शेतांवर घरांच्या रांगा उठल्या. शहराचा धूर आणि गर्दी यांना विटलेल्या कारकुनांनी आणि लहान अधिकाऱ्यांनी ती घेतली : पुढे बाक आलेली खिडकी, वर जुन्या लाकडाचा भास आणणाऱ्या काळ्या पट्ट्या, मागे बाग आणि कामावर जायला आगगाडी. माणसांपासून दूर पळालेल्या या सर्वांना मग जोडीजोडीने, एका भिंतीच्या दोन्ही अंगांना बसवण्यात आले, ही त्यातली गंमत. ज्याचा सहवास टाळायचा त्याचा खोकला भिंतीतून ऐकू येतो, आणि येथील सारी सभ्यता त्या खोकल्याकडे दुर्लक्ष करण्यातून जन्मली आहे, असे माझे मत आहे. त्या सामाईक भिंतीला हात लावायचा झाल्यास १९९६ चा खास कायदा आहे आणि त्यानुसार शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ज्याच्याशी बारा वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नाही, त्याला आपले पहिले सविस्तर पत्र तुळईविषयी जावे, यात कोणालाही वावगे वाटत नाही.

बोलण्याचा प्रसंग आलाच तर हवेविषयी बोलावे. पाऊस पडत असल्यास तो पडत आहे असे सांगावे, आणि थांबला असल्यास तो पुन्हा येईल अशी शंका व्यक्त करावी. पगार, मुलीचे लग्न आणि घर केवढ्याला पडले, हे आपल्याकडचे पहिल्या पाच मिनिटांतले प्रश्न येथे विचारू नयेत. शेवटचा विचारण्याची गरजही नाही, कारण घराच्या विक्रीची किंमत सरकारी भूनोंदणी खात्याकडून कोणालाही पाहता येते, आणि आपण सामान उतरवत होता तेव्हा पडद्यामागच्या निदान चार घरांनी आपली पाहिलेली होती. 'एकदा चहाला या' असे कोणी म्हटल्यास 'जरूर' म्हणावे आणि जाऊ नये. पुण्यात काही वर्षे काढलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

आता कचऱ्याच्या डब्यांविषयी. येथील धर्म, जात आणि राजकारण समजले नाही तरी चालेल. डबे समजले पाहिजेत. चाकांच्या या उंच डब्यांचे रंग प्रत्येक कौन्सिल, म्हणजे येथील नगरपालिका, आपापल्या मर्जीने ठरवते. कोणत्या आठवड्यात कोणता रंग बाहेर काढायचा याचे पत्रक येते, ते देवघरातल्या पंचांगाशेजारी ठेवावे. ते हरवल्यास घाबरू नये. प्रत्येक गल्लीत एक निवृत्त गृहस्थ असतात, आणि डबे उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास ते आपला डबा, मूठ रस्त्याच्या बाजूला करून, फुटपाथच्या कडेला आणून ठेवतात. पुढच्या अर्ध्या तासात सारी गल्ली तोच रंग बाहेर काढते. सार्वजनिक सुट्टीच्या आठवड्यात वार एका दिवसाने पुढे सरकला, तर तेही तेच ठरवतात. पूर्वी गावाला एक जोशी असे आणि त्याने सांगितली ती एकादशी, तसाच हा प्रकार आहे. आमच्या गल्लीचे जोशीबुवा चौदा नंबरात राहतात. त्यांचे नाव मला पहिली सहा वर्षे ठाऊक नव्हते. पुढे एकदा त्यांचे पार्सल आमच्याकडे ठेवले गेले, तेव्हा ते त्या खोक्यावर वाचून कळले. पार्सल देताना मी नावाने हाक मारली, तर गृहस्थ इतके दचकले की पुन्हा तो अपराध माझ्या हातून घडलेला नाही.

आपले काही चुकल्यास आपल्याला कोणी बोलणार नाही. चिठ्ठी येईल. पुणेरी पाटी लिहिणारा माणूस निदान प्रामाणिक असतो. त्याला राग आलेला आहे आणि तो रागाने लिहितो. इंग्रजी चिठ्ठी गाडीच्या काचेवर वायपरखाली मिळते, तिच्यात दोनदा 'कृपया' आणि तीनदा आभार असतात, त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितलेली असते आणि खाली सही नसते. ती वाचून आपल्याला आधी कौतुक झाल्यासारखे वाटते. आपली गाडी आपण दुसऱ्याच्या दारासमोर उभी केली होती, हे उत्तररात्री लक्षात येते. सार्वजनिक रस्त्याचा घरासमोरचा तुकडा घरमालकाच्या मालकीचा नसतो, हा मुद्दा आपण कायद्याने जिंकाल, यात संशय नाही. त्यानंतर त्या गल्लीत राहणे मात्र आपल्यालाच आहे.

कुंपणाच्या बाबतीत कायदा जरा निर्दय आहे. लेलँडी नावाचे सदाहरित झाड येथे हौसेने लावले जाते आणि वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढून ते शेजाऱ्याचे ऊन खाते, जे मुळातच फार नसते. २००३ च्या एका कायद्यात यावर उपाय आहे : सदाहरित झाडांचे दोन मीटरांहून उंच कुंपण जाचक होत असल्यास कौन्सिलकडे तक्रार करता येते. शुल्क भरावे लागते, ते लोक भरतील. परंतु तक्रारीपूर्वी आपण शेजाऱ्याशी बोलून प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला होता, हे दाखवावे लागते. हे कलम ज्याने घातले तो या देशाला पुरता ओळखत असला पाहिजे. त्याच्या कृपेने कित्येक कुटुंबे आजही स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावून बसली आहेत.

फोडणीचा वास भिंत ओलांडतो, आणि धुराची सूचना देणारे छतावरचे यंत्र मोहरी तडतडण्याच्या आधीच बोंब मारते. त्यावर उपाय नाही. शेजारीण 'तुमच्याकडे नेहमी काहीतरी इंटरेस्टिंग शिजत असते' असे म्हणाल्यास ती प्रशंसा समजून वाटीभर आमटी नेऊन देऊ नये. मी दिली होती. वाटी धुऊन, कोरडी करून, आभाराच्या कार्डासह दुसऱ्या दिवशी दारात ठेवलेली मिळाली. आमटीचे काय झाले, ते मी विचारले नाही. गणपतीत वीस-पंचवीस माणसे जमणार असल्यास आरत्या घरी म्हणण्याचा हट्ट धरू नये. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. झांजा तिकडे वाजवाव्यात. घरीच करायचे असल्यास आठवडाभर आधी दोन्ही बाजूंना कार्ड टाकावे, आवाजाबद्दल आगाऊ दिलगिरी कळवावी आणि मग इतक्या हळू आवाजात 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणावे की विघ्नहर्त्यालाही पुढे झुकून ऐकावे लागेल. दिवाळीचे मात्र निराळे आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी असली, तरी दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत मुभा दिलेली आहे, नववर्षाच्या रात्रीइतकीच. इंग्रजांच्या स्वतःच्या फटाक्यांच्या रात्री, म्हणजे पाच नोव्हेंबरला, ती बारापर्यंतच आहे. आपला हा हक्क पूर्णपणे अबाधित आहे. आपण साडेआठला दोन फुलबाज्या लावून आत यावे.

या सगळ्यावरून येथे कोणाचे कोणाकडे लक्ष नसते, असा समज करून घेऊ नये. शेजारपहाऱ्याची पहिली योजना या देशात १९८२ मध्ये चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावी सुरू झाली आणि तिची पिवळी पाटी आता आपल्याही दिव्याच्या खांबावर आहे. परंतु त्यासाठी योजनेची गरज नव्हती. आपण किती वाजता घरी येता, आपली आई भारतातून केव्हा आली आणि केव्हा परत गेली, हे गल्लीला ठाऊक आहे. ते आपल्याला सांगितले जाणार नाही, एवढेच.

शेवटची सूचना क्वचित लागते. एखाद्या बुधवारी सात वाजून गेले, साडेसात झाले आणि चौदा नंबरचा डबा बाहेर आलाच नाही, तर काय करावे? आमच्या गल्लीने अशा वेळी आपलेही डबे आतच ठेवले, आणि गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी मोकळ्या रस्त्यावरून निघून गेली. सगळे पडद्यामागून पाहत होते. अशा प्रसंगी बेल वाजवू नये; कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे बरे नव्हे. पुढच्या बुधवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्यांचे फाटक हळूच उघडून त्यांचा डबा बाहेर ठेवावा. आपण ठेवायला जाल तेव्हा तो आधीच बाहेर असेल, आणि बागेतल्या कुंड्यांना कोणीतरी पाणी घातलेले असेल. चौकशी करू नये. साधारण तीन आठवड्यांनी ते गृहस्थ फाटकापाशी उभे दिसतील, कोट अंगावर सैल झालेला असेल आणि मनगटावर दवाखान्याची प्लास्टिकची पट्टी असेल. ते डब्याबद्दल आभार मानतील. डबा मी ठेवला नव्हता, असे सांगू नये. पट्टीकडे पाहू नये. आज जरा गार आहे, असे म्हणावे, आणि ते हो म्हणेपर्यंत थांबावे.