हुरड्याची गाडी आणि तासाभराचा थांबा

गेल्या आठवड्यात सोलापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. निवृत्त कामगारांच्या मंडळात भांडण झालंय म्हणे. दरवर्षीची हुरड्याची सहल नान्नजकडच्या एका शेतावर ठरली होती. कुणीतरी सुचवलं, तिथंच एखाद्या डॉक्टरांना बोलावू, प्रोस्टेटवर, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या नळीभोवतीच्या ग्रंथीवर, तासभर बोलतील. झालं! एक गट म्हणाला, पेन्शनला पत्ता नाही आणि तुम्हाला हुरडा सुचतोय. दुसरा म्हणाला, हुरडा खाऊ की, पण हा विषय माईकवर? घरच्या बायका असतात सोबत. आमचे अण्णा, म्हणजे वडील, वय ७६, आधी गिरणीत आणि मग टॉवेलच्या कारखान्यात हयात गेलेली. ते म्हणे गप्प बसून होते.

ते गप्प का होते, ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरी आलो होतो. गाणगापूरला जायचं ठरलं, तर वाटेत लघवीला लागू नये म्हणून आदल्या दुपारपासून अण्णांनी पाणी पिणंच सोडलं. चाळीसच्या वर ऊन आणि हा माणूस गुळणी करून थुंकतोय. गाडीत त्यांचा हात सारखा पुढच्या सीटच्या दांड्यावर, नजर रस्त्याकडेच्या बाभळींवर. ड्रायव्हरला थांब म्हणायची लाज. परत आल्यावर सहा दिवस लघवीची आग. पाणी तोडलं की लघवी गडद होते, मूत्राशय आणखी चिडतं आणि कळ उलट वाढते, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतरच्या दोन्ही सहलींना त्यांनी "गुडघे दुखतात" म्हणून सांगितलं.

सरकारनं ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली. तरी अण्णा घरीच. त्यांना तिकिटानं कधी अडवलंच नव्हतं.

मी राहतो कॅनडात, हॅमिल्टनला. हे पोलादाचं गाव. गिरण्यांचं सोलापूर सोडून मी भट्ट्यांच्या गावी आलो, एवढाच फरक. शेजारचा म्हातारा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला. इथल्या स्टीलवर्कर्स युनियनमध्ये निवृत्तांच्या वेगळ्या शाखा असतात. पेन्शनसाठी भांडायचं, कॉफी प्यायची आणि वर्षातून दोनदा बस काढायची. एकदा तो मला त्यांच्या बैठकीला घेऊन गेला. नर्सबाईंनी टेबलावर एक अक्रोड ठेवला. (सोलापुरात आवळा चालेल.) म्हणाल्या, मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती एवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि नळी आवळते. मग धार बारीक होते, नंतर थेंब गळत राहतात, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. गोळ्यांनी बऱ्याच जणांचं भागतं, नाहीतर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी एकदम तुंबू शकते, म्हणून औषधाच्या दुकानात आधी विचारा. आणि लघवीतून रक्त आलं किंवा ती पूर्ण अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्याच बैठकीत नायगाराच्या सहलीचा कागद वाटला. त्यावर लिहिलं होतं, बस दर तासाला थांबेल. शेजाऱ्यानं तेवढी ओळ वाचली आणि नाव नोंदवलं.

इथलं सगळं सोनं आहे असं मात्र समजू नका. त्रास काही नसताना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय पाहणारी पीएसए ही रक्ताची तपासणी करायची तर आमच्या ओंटारिओ प्रांतात पैसे खिशातून जातात. त्याच शेजाऱ्याला सहल नसली की महिना महिना कुणी हाक मारत नाही. अण्णांना मात्र संध्याकाळी पार्क चौकात गेलं की चार माणसं भेटतात. नोव्हेंबरात इथले पुरुष प्रोस्टेटच्या कॅन्सरची आठवण म्हणून मिशा वाढवतात. सोलापुरात मिशीला बारा महिने असतात, तिचा उपयोग झालेला नाही.

आता भांडणाकडे येतो. पेन्शनवाल्यांचं खोटं नाही. ईपीएस-९५ या कामगारांच्या पीएफच्या पेन्शन योजनेचं किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरलं, मागणी ७,५०० ची आहे, आणि ती लढाई चाललीच पाहिजे. पण मोर्चालाही बसनंच जावं लागतं ना? पुण्याच्या पीएफ ऑफिसवर मोर्चा निघाला तेव्हा अण्णांच्या वयाचे किती जण आले नाहीत आणि का, हे कुणी विचारलंय?

लाजवाल्यांना एवढंच सांगतो, बायकांना हे आधीपासून माहीत असतं. रात्री चारदा दिवा लागतो तो त्यांच्याच डोळ्यांवर. आमची आई तर म्हणाली, मीच पहिल्या रांगेत बसते.

उत्साही मंडळींनाही एक सांगायचंय. भाषणासोबत फुकट पीएसएचं शिबिर लावायचं त्यांच्या मनात आहे. जरा दमानं घ्या. साध्या वाढीनं किंवा जंतुसंसर्गानंही पीएसए वाढतो, आणि आकडा हातात देऊन डॉक्टर निघून गेला तर माणूस झोप गमावून बसतो. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानं २०१८ मध्ये सत्तरीच्या पुढं सरसकट ही चाचणी करू नये असंच सांगितलंय; ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरशी बोलून ज्यानं त्यानं ठरवावं. ज्याला त्रास आहे त्याची गोष्ट वेगळी, त्यानं दाखवलंच पाहिजे.

मी भावाला म्हटलं, भाषण ठेवा, शिबिर नको, आणि सूचनेच्या कागदावर थांब्याची ओळ लिहा. काल त्याचा मेसेज आला. अण्णांनी शेतमालकाला स्वतः फोन केला होता: "हुरडा कसा आहे ते नंतर सांगा. संडास गोठ्याच्या अलीकडं आहे का पलीकडं?"