आधी प्रतींचा हिशेब मागू

महाराष्ट्रातल्या लेखक मित्रमैत्रिणींशी फोनवर बोलणं झालं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. एआयला कविता जमेल का? परिसंवाद असो की दिवाळी अंकातला लेख, चर्चा प्रतिभा, संवेदना, अनुभूती यांच्याभोवतीच फिरते. इथे ब्रिटनमधले लेखक चिडलेत ते वेगळ्या कारणाने. ३ एप्रिल २०२५ला लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळच्या, फेसबुक चालवणाऱ्या मेटाच्या कचेरीबाहेर ते फलक घेऊन उभे होते. आपली पुस्तकं चोरट्या संग्रहातून उचलून एआयला शिकवण्यासाठी खाऊ घातली गेल्याचं अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून पुढे आलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: विचारलं का नाही, आणि पैसे कुठे आहेत?

मला हा दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो. मराठीत तो विचारायला लागणारी कागदपत्रंच आपल्याकडे नाहीत, ही माझी खरी काळजी आहे.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयातून तुमचं पुस्तक कुणी घरी नेलं की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. कायदा १९७९चा, पहिले पैसे १९८४मध्ये वाटले गेले. निवडक ग्रंथालयांच्या नोंदींवरून देशभराचा अंदाज बांधतात आणि एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर काही देत नाहीत. रक्कम किरकोळच, पण त्यामागे मोजणी आहे. कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, हे लेखकाला कळतं. चाळीस वर्षं असं पत्रक हातात पडलेला माणूस एआय कंपनीलाही पत्रकच मागणार.

म्हणून इथे सगळं छान चाललंय असं समजू नका. २०२२च्या एका पाहणीनुसार लेखन हेच मुख्य काम असणाऱ्यांपैकी निम्म्यांचं लेखनातून होणारं वार्षिक उत्पन्न ७,००० पौंडांच्या वर जात नव्हतं. एवढ्यात लंडनमध्ये खोलीभाडंही निघत नाही. कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी २०१६मध्ये ऑक्सफर्डच्या साहित्य महोत्सवाचं आश्रयदातेपद सोडलं, कारण तिथे तंबूवाल्याला पैसे मिळत होते आणि लेखकाला नाही. शाल-श्रीफळाची इंग्रजी आवृत्तीही असते तर!

पुस्तकांच्या दुकानातले लेखक-भेटीचे कार्यक्रम मला आवडतात, पण तिकीट काढावं लागतं. श्रोते मोजके, प्रश्न एका वाक्याचे, मग सहीसाठी रांग. त्या मानाने पुण्याची वसंत व्याख्यानमाला मला अजून मोठी वाटते. १८७५पासूनची ही प्रथा, आणि रस्त्यावरून जाणारा कुणीही आत येऊन बसू शकतो. प्रश्न विचारायला उठलेले काका दहा मिनिटं स्वतःच बोलतात हे खरं, पण ते काका इथल्या दुकानात कधी पोचलेच नसते.

२०२५मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळाला तेव्हा ‘हार्ट लॅम्प’ आणून वाचलं. दीपा भास्ती यांच्या इंग्रजीत मूळ कन्नडचा आवाज दबत नाही. पण मला त्याहून लागलं ते दुसरंच. पन्नास हजार पौंडांचं हे बक्षीस लेखिका आणि अनुवादिका यांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. माझ्या ओळखीच्या मराठी अनुवादकांना पानामागे ठरलेली रक्कम एकदाच मिळते. पुढच्या आवृत्त्या निघाल्याचं त्यांना दुकानात गेल्यावर कळतं.

एआय मी वापरते, सोवळं पाळत नाही. कादंबरीचा खर्डा देऊन पात्रांच्या वयांचा मेळ तपासायला सांगितला, तर त्याने नायिकेच्या आजीला दोन प्रकरणांत पाच वर्षांनी तरुण झालेलं पकडलं. मालवणीत संवाद मागितले तर मात्र पुणेरी मराठीवर थोडी गोव्याची कोकणी शिंपडून दिली. सगळ्यात धोकादायक प्रयोग जुन्या मासिकांच्या स्कॅनचा. पूर्वीची अक्षरओळखीची सॉफ्टवेअर पुसट ओळीचा कचरा करायची, त्यामुळे चूक लगेच दिसायची. आताचं यंत्र पुसट जागी स्वतःचं वाक्य बसवतं, तेही काळाला शोभेल असं. मूळ पान शेजारी नसेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. अशा पानांवरून उद्या कुणी प्रबंध लिहिला तर?

प्रतिभेच्या चर्चेपेक्षा या गोष्टींवर बोलायला हवं. आणि पैशांवर. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने २०२५मध्ये, चोरट्या संग्रहांतून पुस्तकं उतरवल्याबद्दल लेखकांनी केलेला अमेरिकेतला खटला मिटवण्यासाठी दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, साधारण पाच लाख पुस्तकांसाठी, म्हणजे पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. पण त्या यादीत येण्यासाठी पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंद असणं भाग होतं. आता सांगा, आपल्यापैकी कुणाची नोंद तिथे असणार? आपल्याकडे तर चोरी आपणच पुढे पाठवतो. नव्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर ‘वाचनप्रेमींसाठी’ म्हणून फिरते, परदेशातल्या मराठी गटांत तर जास्तच, आणि इथे वर्षाकाठी चांगले पौंड कमावणारी मंडळी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवून दाद देतात.

भारत सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार खात्याने डिसेंबर २०२५मध्ये काढलेल्या मसुद्यात एक वेगळी वाट सुचवलीय. एआय कंपन्यांना रीतसर मिळवलेला मजकूर वापरायची सरसकट मुभा, लेखकाला नकाराचा अधिकार नाही, पण कंपनीच्या उत्पन्नातून रॉयल्टी, आणि ती गोळा करायला एक मध्यवर्ती संस्था. नकाराचा हक्क काढून घेणं मला पटत नाही. इथे ब्रिटिश सरकारने ‘नको असेल तर तसं कळवा’ असं सुचवलं, तेव्हाही लेखक आणि गायक खवळले होते. तरी समजा, मसुद्याचा उद्या कायदा झाला. मध्यवर्ती संस्था विचारेल, तुमची पुस्तकं कोणती, हक्क कुणाकडे, कोणत्या साली, किती आवृत्त्या? आणि मराठी लेखक प्रकाशकाला फोन लावेल, ज्या प्रकाशकाने गेल्या कित्येक वर्षांत रॉयल्टीचं पत्रक पाठवलेलं नाही.

साहित्य महामंडळाने संमेलनाच्या मांडवाच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून हयात लेखकांच्या पुस्तकांची आणि हक्कांची सूची करायला घ्यावी. त्यासाठी प्रतिभा लागत नाही, दोन कारकून आणि एक संगणक पुरे. आणि पुढचा करार करताना एआयच्या वापराचे हक्क कुणाकडे राहणार हे कलम लेखकाने स्वतः लिहून घ्यावं. माझ्या शेवटच्या करारात ते नव्हतं, मी ते घालायला लावलं. प्रकाशकाने कुरकुर न करता सही केली, कारण त्यालाही त्याचा अर्थ अजून लागलेला नव्हता.