एकलकोंडी नव्हेत

शिडाच्या नौकेवर वाढणारी मुले एकलकोंडी होतात, हे लेखातील विधान मला पटले नाही. आम्ही आमच्या दोन मुलांसह दोन वर्षे 38 फुटी नौकेवर कॅरिबियन समुद्रात राहिलो. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम असल्याने, आणि नौकेच्या विम्याच्या अटींमुळेही, अनेक कुटुंबे त्या काळात दक्षिणेला, 12 उत्तर अक्षांशाजवळच्या ग्रेनाडा या बेटाच्या खाड्यांत नांगर टाकून राहतात. सकाळचा अभ्यास आटोपला की मुले डिंगीतून (नौकेसोबतच्या छोट्या होडीतून) एकमेकांच्या नौकांवर जातात. आमच्याकडे सहा-सात मुलांसाठी पोहे कितीदा झाले, याची गणती नाही. (त्या दिवशी गोड्या पाण्याची टाकी लवकर आटत असे, ते वेगळे.) आठ वर्षांची आमची मुलगी तेरा वर्षांच्या मुलांबरोबर पत्ते खेळत असे, शहरातल्या शाळेत असे क्वचितच घडले असते.

लेखातून निसटले आहे ते ताटातुटीचे दुःख. वारा अनुकूल झाला की एखादी नौका पहाटेच नांगर उचलते आणि न्याहारीच्या वेळी जिवलग मित्र खाडीत नसतो. अशा एका सकाळनंतर आमचा धाकटा दोन दिवस कोणाशी धड बोलला नव्हता.