इच्छापत्र? शुभ बोला की!

परवा मंगळवारी मी साडेबारा चौरस फुटांसाठी कोईमतूरला फोन लावला. पलीकडं माझा आतेभाऊ. मूळचा विट्याचा, गलाईच्या धंद्यात. सोनं आटवायचं काम बाजूला ठेवून त्यानं एका कागदावर सही करायला सांगलीला यावं, एवढीच माझी विनंती. "दिवाळीला बघू की," म्हणाला. दिवाळी होऊन पंधरवडा झालाय. म्हणजे पुढची.

आमचे वडील, अण्णा, मृत्युपत्र न करता गेल्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हा आपल्या मागं पोराबाळांना असाच नात्यागोत्यांचा गोतावळा जोडून द्यायचा असेल, तर माझं ऐका.

पहिलं म्हणजे, मृत्युपत्राचं नाव काढू नका. घरात कुणी काढलंच तर "शुभ बोल की रे" म्हणून गप्प करा. आमच्या अण्णांनी मला असंच केलं होतं. "मी काय उद्या चाललोय?" नाही गेले उद्या. तीन वर्षांनी गेले. तेवढ्या वेळात एक पान लिहून झालं असतं, पण घाई कसली?

फोनचा पॅटर्न कुणाला सांगू नका.

ठेवींच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत हे सगळं गावभागातल्या जुन्या घरात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा. 2019 च्या महापुरात कृष्णामाईनं आमचे निम्मे कागद वाचून परत दिले.

"नॉमिनी लावलाय की" म्हणून निर्धास्त राहा. फ्लॅटच्या सोसायटीत, बँकेत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीनं माल ताब्यात घेणारा माणूस. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं 2023 च्या डिसेंबरात हेच सांगितलं. पण कोर्टाला काय कळतंय, नाही का? आमच्या अण्णांच्या एका ठेवीवर नॉमिनी काका होते. लग्नाआधी लावलेले.

सातबाऱ्यावर आजोबा तसेच राहू द्या. सरकारनं 2025 मध्ये "जिवंत सातबारा" म्हणून मोहीम काढली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायला. मोहीम काढायची वेळ आली, यातच आपण सगळे किती कर्तबगार ते आलं.

आता साडेबारा चौरस फुटांचं. हे नीट वाचा, फायद्याचं आहे.

विश्रामबागचा फ्लॅट अण्णांनी स्वतःच्या पगारातून घेतला. सहाशे चौरस फूट. मृत्युपत्र नाही, तर मालक कोण? आम्हाला वाटलं, आई. 1956 चा हिंदू वारसा कायदा म्हणतो बायको, मुलगा, मुलगी आणि मेलेल्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. आजी तेव्हा हयात होती, 94 वर्षांची, गावी, अंथरुणाला खिळलेली. तिला पोरगा गेलेलाही नीट कळला नव्हता, पण विश्रामबागेत तिचा पाव फ्लॅट तयार झाला. चार महिन्यांनी आजी गेली. आता तो पाव हिस्सा तिच्या लेकरांचा. काका, धाकटी आत्या, थोरली आत्या (ती आधीच गेलेली, म्हणून तिची तिन्ही मुलं) आणि अण्णांच्या वाटणीचा मी आणि ताई. म्हणजे सोळावा हिस्सा काकांचा, सोळावा आत्याचा आणि थोरल्या आत्याच्या प्रत्येक मुलाला अठ्ठेचाळिसावा. सहाशेला अठ्ठेचाळीसनं भागा. साडेबारा. आमची मोरी साधारण तेवढी आहे. ती कोईमतूरच्या भावाला तोडून देता येत नाही, म्हणून त्यानं हक्कसोड पत्र करून द्यायचं. ते नोंदणी करावं लागतं. त्याच्यासाठी आधी तो मिळायला पाहिजे. काका म्हणतात, "मला काय नको." आत्या म्हणते, "मला काय नको बाबा." आत्याची सून म्हणते, "कागद वाचू द्या." काही चूक नाही तिची, मीही वाचला असता. "माझ्या पश्चात हा फ्लॅट माझ्या पत्नीचा" एवढं एक वाक्य. एक! ते नाही म्हणून आठ माणसं, चार गावं आणि दर महिन्याला एक रजा.

आणि पत्नी कोणती, हाही प्रश्न आला बरं का. आई माहेरची शालन. लग्नात अण्णांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं सुमन लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर शालन, रेशनकार्डावर सुमन, पासबुकावर शालन. काउंटरपलीकडचा पोरगा, माझ्या पोराच्या वयाचा, तिला म्हणाला, "मावशी, या दोघी एकच कशावरून?" आई माझ्याकडं बघायला लागली. जन्मात एकदाच अण्णांनी उरकानं काही लिहिलं आणि तेही तांदळात.

पुरे झालं. आता सरळ बोलतो.

भांडणं नकोत म्हणून लिहीत नाही म्हणता? खोटं बोलता. पोराला आणि पोरीला समोर बसवून "हे तुझं, हे तुझं" म्हणायची छाती नाही तुमच्यात. पोरीला द्यायचं तर पोराची भीती, नाही द्यायचं तर ते तोंडानं म्हणायची लाज. म्हणून गप्प बसता आणि ते ओझं आमच्या डोक्यावर ठेवून जाता. मग भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या बहिणीसमोर ताटातल्या करंज्यांबरोबर हक्कसोडीचा कागद सरकवायचा आम्ही. केलंय मी ते. ताईनं सही केली, करंजी खाल्ली नाही.

लेकीच्या लग्नात हजार पानं उठवलीत ना? एक पान लिहायला हाताला काय होतंय? कोरा कागद चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर बरं. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघायचं आणि तुमच्यासमोर सह्या करायच्या. वय झालं असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा. मन बदललं तर फाडा, नवं करा, शेवटचं खरं धरतात. वकिलाला पैसे द्यायचे जिवावर येत असतील तर नका देऊ, पण लिहा!

आणि मला उलट "आमच्यात तसलं काय नसतंय" ऐकवू नका. आमच्यातही नव्हतं.