‘कधीच न संपणारे’ मासे

मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून एक रंगीत तक्ता सगळीकडे फिरतोय. हिरव्या चौकटीत ‘नवीकरणीय : सूर्यप्रकाश, वारा, पाणी, मासे, माती. कधीच संपत नाहीत.’ लाल चौकटीत ‘अनवीकरणीय : कोळसा, तेल, धातू. डायनासोरांपासून बनले. एकदा वापरले की संपले.’ पाठ करायला सोपा, पण निम्माअधिक चुकीचा.

‘कधीच संपत नाहीत.’ ऊन-वाऱ्यापुरतं खरं. सोलर पॅनेल कितीही लावा, उद्याचं ऊन कमी होत नाही. माशांचं तसं नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा इतका होता की लोक तो सुमारे ५०० वर्षं पकडत राहिले. मग अजस्र ट्रॉलर आले आणि मासे वाढण्यापेक्षा पकडले जाण्याचा वेग जास्त झाला. १९९२ साली सरकारने तिथली कॉडची व्यापारी मासेमारी थांबवली. बंदी जाहीर झाली होती दोन वर्षांसाठी. ती उठायला २०२४ उजाडलं!

नवीकरणीय म्हणजे पुन्हा भरून येणारं, एवढंच. किती वेगाने भरतं आणि आपण किती वेगाने उपसतो, हा रकानाच तक्त्यात नाही.

‘पाणी.’ पाऊस पुन्हा येतो, कबूल. पण सहारा वाळवंटाखालचं बरंचसं पाणी हजारो वर्षांपूर्वी, तिथे भरपूर पाऊस पडायचा तेव्हा मुरलेलं आहे. आज उपसलं तर ते जवळजवळ भरून येत नाही. मी तरी ते लाल चौकटीत टाकेन. मातीचंही तेच : एक इंच थर बनायला शेकडो वर्षं लागतात.

‘डायनासोरांपासून बनले.’ हे कुठून आलं कोण जाणे! खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून बनलं. आणि बराचसा दगडी कोळसा आहे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा, म्हणजे डायनासोर जन्मायच्या कितीतरी आधीचा. कोळशाच्या थरालगतचा खडक फोडला तर कधीकधी नेच्यासारख्या पानाचा ठसा मिळतो, शिरांसकट. धातूंचा तर डायनासोरांशी काडीचाही संबंध नाही.

‘एकदा वापरले की संपले.’ कोळसा संपतो. जळला की राख आणि वायू. पण अॅल्युमिनियमचा रिकामा डबा वितळवून पुन्हा धातू मिळतो, तोही खनिजापासून काढायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत.