ग्रिडला दोष देण्याआधी

घरच्या संगणकावर नुकतीच बीट बनवायला लागलेल्यांना एक सल्ला हमखास ऐकवला जातो. ग्रिडवर, म्हणजे वेळेच्या समान घरांच्या आखणीवर, नेमके बसवलेले ड्रम्स निर्जीव वाटतात, म्हणून क्वांटाइझ (आघात आपोआप ग्रिडवर आणणारी सोय) बंद करून बोटांनी वाजवा. तेवढा हात नसेल तर ह्युमनाइझचे बटण दाबून आघात थोडे इकडेतिकडे होऊ द्या. आणि तरीही ठेका सपक वाटला तर आणखी आवाज भरा. या तिन्ही सूचनांमुळे नवखा माणूस भलत्याच जागी दुरुस्ती करत बसतो, असे माझे मत आहे.

पहिली सूचना घेऊ. रोलंडची 1980 ची टीआर-808 आणि 1983 ची टीआर-909 ही ड्रम वाजवणारी यंत्रे 16 पायऱ्यांच्या, म्हणजे चार ठोक्यांचे सोळा भाग करणाऱ्या, चौकटीत चालत, आणि शिकागोचे हाउस व डेट्रॉइटचे टेक्नो हे नृत्यसंगीत अशा यंत्रांवरच उभे राहिले; ते ऐकून लोक रात्र-रात्र नाचले. शिवाय ग्रिड म्हणजे सगळी अंतरे सारखीच, हा समजही खरा नाही. रॉजर लिन यांनी 1980 च्या एलएम-1 या यंत्रातच स्विंगची सोय दिली होती, जिच्यात सोळांशाच्या प्रत्येक जोडीतला दुसरा आघात ठरावीक प्रमाणात मागे सरकतो. 50 टक्के म्हणजे सरळ चाल आणि 66 टक्के म्हणजे जवळजवळ तिस्र अंगाची झोकदार चाल. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत 58 टक्के स्विंग दिला, तर तो आघात सुमारे 27 मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्याशा उशिराने हाय-हॅट ही ड्रमसंचातली झांज डुलू लागते, आणि हे सारे ग्रिडच्याच हिशेबात घडते.

इथे डेट्रॉइटचे हिप-हॉप संगीतकार जे डिला यांचा दाखला हटकून दिला जातो. त्यांच्या अनेक बीट्समधले आघात ग्रिडवरून ढळलेले आहेत, हे मान्यच आहे. पण लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्यात, एकदा लवकर पडलेला स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) प्रत्येक फेरीत तेवढाच लवकर पडतो. दोन-तीन आवर्तनांत कानाला त्याची सवय होते आणि ते ढळणे त्या ठेक्याचे वळणच बनून जाते.

ह्युमनाइझचे बटण नेमके याच्या उलट वागते. ते प्रत्येक आघात स्वतंत्रपणे, कसलाही संबंध न ठेवता हलवते, आणि चांगला ड्रमर असा वाजवत नाही. अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातले ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड यांचे वादन लक्ष देऊन ऐकले, तर स्नेअरच्या ठसठशीत आघातांच्या मधोमध जेमतेम ऐकू येणारे हलके आघात सापडतात. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट हीच. पाचव्या आणि तेराव्या पायरीवरच्या स्नेअरची व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) 127 पैकी 115 च्या आसपास ठेवावी, आठव्या आणि दहाव्या पायरीवर तोच स्नेअर 35 वर वाजवावा, आणि एकही आघात जागेवरून न हलवता ठेका कसा चालू लागतो ते ऐकावे. मोठ्या आणि लहान आघातांमधली ही दरी मुद्दाम राखावी लागते; बटण आघातांच्या जोरात करते ती सरमिसळ तिला हातभार लावत नाही, उलट सरमिसळीचे प्रमाण वाढवले तर ही दरी बुजूनच जाते.

आवाज वाढवण्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर किक (पायाने वाजणारा जड ड्रम) दर चार पायऱ्यांनी ठोकत राहण्याऐवजी ती पहिल्या, चौथ्या आणि सातव्या पायरीवर नेली, म्हणजे आठ पायऱ्यांचे तीन-तीन-दोन असे तुकडे पाडले, की नवीन आवाज न घालताही ठेका वेगळा होतो.

आवाज भरण्याऐवजी काढून टाकण्याचा मार्ग तर तबला ऐकत वाढलेल्यांना ठाऊकच असायला हवा. तीनतालाच्या 16 मात्रांत ‘धा तिं तिं ता, ता’ येते, तेव्हा दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद असतो. चाल तीच राहते, पण खालची भर नसल्यामुळे कान सावध होतो आणि समेची वाट पाहू लागतो. (सोळा पायऱ्यांच्या यंत्रापुढे बसून हे आठवू नये, याचे मला नवल वाटते.) चार बारच्या (बार म्हणजे सोळा पायऱ्यांची एक फेरी) लूपमध्ये चौथ्या बारमधली किक अशीच गाळून पाहावी. मात्र डग्गा समेवर एकदम येत नाही, तो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला आधीच परतलेला असतो, म्हणून किकही त्याच बारच्या चौदाव्या पायरीवर परत आणावी.